अभिव्यक्तीचा मेन स्विच

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. देशभर सुरू झालेल्या अटकसत्राची बातमी सकाळच्या अंकात येऊ नये, हा त्यामागील उद्देश होता. परंतु या बंदोबस्तात एक फट राहून गेली. ‘हिंदुस्थान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ ही दोन दैनिके नवी दिल्ली नगरपालिकेच्या वीजक्षेत्रात येत होती. आज ज्या कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उभे आहे, त्याच मार्गावर ‘हिंदुस्थान टाइम्स’ची इमारत आहे. तेथील वीज गेली नाही आणि २६ जूनच्या सकाळी ही दोन वृत्तपत्रे निघाली. पुढे शाह आयोगापुढे या प्रकरणाची चौकशी झाली तेव्हा वीज तोडण्याचा आदेश तोंडीच देण्यात आला होता, हेही उघड झाले. कागदावर सही करण्याचा संकोच त्या राजवटीलाही वाटला होता, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

या घटनेला ३७ वर्षे होत आली असताना, १७ मे २०१२ रोजी, राज्यसभेत एक वेगळीच चर्चा झाली. इंटरनेटवरील मजकुरासंबंधी २०११ साली केलेले नियम रद्द करावेत, असा वैधानिक प्रस्ताव मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे केरळमधील सदस्य पी. राजीव यांनी मांडला होता. विरोधी पक्षनेते अरुण जेटली या चर्चेत बोलले. विद्यार्थी नेते म्हणून आणीबाणीत १९ महिने तुरुंगात काढलेल्या जेटलींनी त्या दिवशी असे मत मांडले की, १९७५ मध्ये इंटरनेट असते तर आणीबाणीचा पुरता फज्जा उडाला असता. हे विधान तेव्हा कोणालाही पटावे असेच होते. छापखाना एका इमारतीत असतो, त्याला कुलूप लावता येते. इंटरनेटला इमारत नाही, मग त्याला कुलूप लावणार कोठे, अशी त्या काळातील सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत फार काळ टिकली नाही. इंटरनेटला इमारत नसली तरी मेन स्विच आहे, हे देशातील राज्य सरकारांच्या फार लवकर ध्यानात आले. १९७५ मध्ये शहरात दोन वीजक्षेत्रे होती म्हणून दोन वृत्तपत्रे वाचली. आज गृहखात्याचा एक आदेश निघाला की जिल्ह्यातील सर्व दूरसंचार कंपन्यांना एकाच वेळी मोबाइल इंटरनेट बंद करावे लागते. फट राहत नाही. इंटरनेटबंदीची जगभर नोंद ठेवणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या गणनेनुसार भारतात २०२३ मध्ये ११६ वेळा आणि २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट बंद करण्यात आले. २०२३ पर्यंत सलग सहा वर्षे या यादीत भारताचा क्रमांक पहिला होता. २०२४ मध्ये म्यानमारचा आकडा ८५ वर गेल्याने आपण एकाने मागे पडलो. लष्करी राजवटीखालील देशाच्या खालोखाल स्थान मिळाले, याचे समाधान कोणी मानू नये.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूने होते. कोणी काय लिहिले, कोणाला अटक झाली, कोणते पुस्तक मागे घेतले गेले, यावर अग्रलेख लिहिले जातात. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ते प्रकरण देशभर गाजले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्या निकालाचे महत्त्व मोठेच आहे. परंतु ज्या तारेवरून शब्द वाहून नेला जातो ती तारच राज्यसंस्थेच्या हाती असेल, तर शब्दाला मिळालेले संरक्षण कितपत उपयोगाचे, हा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेबाहेरचा होता.

वास्तविक हा प्रश्न न्यायालयांना नवा नाही. प्रजासत्ताक काही महिन्यांचे असतानाच तो उपस्थित झाला होता. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकाचा आपल्या राज्यातील प्रवेश आणि प्रसार मद्रास सरकारने बंद केला तेव्हा संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९५० मधील निकालात न्यायालयाने सांगितले की, प्रसाराच्या स्वातंत्र्याशिवाय प्रकाशनाच्या स्वातंत्र्याला फारसा अर्थ उरत नाही. या आणि अशाच निकालांना उत्तर म्हणून पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे नवे कारण घातले आणि त्याबरोबरच निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही घातली. आज इंटरनेट बंद करणाऱ्या आदेशांत यातील पहिली शब्दयोजना हटकून आढळते. दुसऱ्या शब्दाचा हिशेब देण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

मराठी वाचकाला अधिक जवळचा असा दुसरा खटला पुण्याच्या ‘सकाळ’चा. वृत्तपत्राची पाने किती आणि किंमत किती हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने १९५६ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. लहान वृत्तपत्रांना स्पर्धेत संरक्षण द्यावे, असा सरकारचा युक्तिवाद होता. हेतूत उघड असे काही वावगे नव्हते. ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. त्याबरोबर वृत्तपत्राच्या काही वाचकांनीही याचिका केल्या होत्या, हा तपशील आज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये घटनापीठाच्या वतीने न्या. मुधोळकर यांनी निकाल दिला: किंमत वाढवायला लावली की खप घटतो, पाने कमी करायला लावली की मजकूर घटतो आणि दोन्ही मार्गांनी अभिव्यक्तीवरच आघात होतो. व्यवसायाचे नियमन करतो आहोत असे म्हणून सरकारला भाषणस्वातंत्र्याला मागच्या दाराने हात लावता येणार नाही. म्हणजे वाहनावरचा निर्बंध हा आशयावरचा निर्बंध ठरू शकतो, हे तत्त्व साठ वर्षांपूर्वीच प्रस्थापित झाले होते. छापील कागदाच्या बाबतीत जे मान्य झाले ते मोबाइलच्या मनोऱ्याच्या बाबतीत मान्य व्हायला मात्र २०२० साल उजाडावे लागले.

दरम्यानच्या काळात या वाहनावर लादलेले ओझे कितीतरी पटींनी वाढले. एखादे वृत्तपत्र एक दिवस निघाले नाही तर वाचक त्या दिवसापुरता बातमीला मुकत असे. त्याचे रेशन थांबत नसे. आता शिधावाटप दुकानातील यंत्राला आधारची पडताळणी हवी आणि पडताळणीला जोडणी हवी. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी ॲपवरून छायाचित्रांसह घेणे सक्तीचे झाले. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या या कल्पनेचे मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा: जोडणी नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. यूपीआयवरून होणाऱ्या व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला हजार कोटींच्या पुढे गेली. शासनाच्या फाइली ई-ऑफिसवर आल्या, प्रवेशअर्ज आणि दाखले पोर्टलवर गेले, खासदारांचे प्रश्नही संसदेच्या पोर्टलवरून दाखल होऊ लागले. ‘डिजिटल इंडिया’चे हे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे सारे उभारणारे केंद्र सरकार आणि ते काही तासांच्या सूचनेवर बंद करणारी राज्यांची गृहखाती या दोन हातांना एकमेकांची खबर नसावी, असे चित्र दिसते. नागरिकाला इंटरनेटवर यायला भाग पाडायचे आणि गरज वाटेल तेव्हा त्याला तेथून काढून टाकण्याची मुभाही राखायची, हे एकाच वेळी चालत नाही.

काश्मीरचा अनुभव या संदर्भात मूलभूत आहे. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात संसद अनुच्छेद ३७० वर चर्चा करीत होती. राज्यसभेत ५ तारखेला आणि लोकसभेत ६ तारखेला जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक मंजूर झाले. ज्या लोकांच्या राज्याचा दर्जा बदलत होता त्यांना ती चर्चा ऐकण्याचीही सोय नव्हती. खोऱ्यात इंटरनेटच नव्हे, तर मोबाइल आणि घरचे दूरध्वनीही बंद होते. ३७० विषयी कोणाचे मत काहीही असो, प्रतिनिधिक लोकशाहीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही स्थिती समर्थनीय ठरणार नाही. पुढे श्रीनगरमध्ये सरकारी माध्यम केंद्रात मोजके संगणक ठेवण्यात आले आणि पत्रकार आपापल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभे राहू लागले. जानेवारी २०२० च्या अखेरीस २जी सेवा मिळाली, तीही सरकारने संमत केलेल्या संकेतस्थळांपुरती. ४जी परतायला ५ फेब्रुवारी २०२१ हा दिवस उजाडला. सुमारे ५५० दिवसांचा हा काळ होता आणि त्यात करोनाची टाळेबंदीही येऊन गेली, ज्या काळात उर्वरित देशातील शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होत्या.

‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी निकाल लागला. तीन न्यायमूर्तींच्या पीठात न्या. एन. व्ही. रमणा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्यासमवेत अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. पुढे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती अनुच्छेद १९(१)(अ) खाली संरक्षित आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, निर्बंध प्रमाणात असले पाहिजेत आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे या पीठाने सांगितले. इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. तसा युक्तिवाद झाला नव्हता, असे कारण दिले. केरळ उच्च न्यायालयाने चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले होते, हे येथे नोंदवायला हवे.

निकाल तत्त्वतः उत्तम होता. दिलासा मात्र त्यातून निघाला नाही, कारण बंदी उठवण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही. सरकारने स्वतःच फेरविचार करावा असे सांगितले. मे २०२० मध्ये ४जीसाठी पुन्हा याचिका आली तेव्हा केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती नेमून तिच्याकडे प्रश्न सोपवण्यात आला. ज्या खात्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार, त्याच खात्याच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे निवाडा, असा हा प्रकार झाला. त्या समितीचे आदेशही वर्षानुवर्षे लोकांसमोर आले नाहीत. २०२४ च्या आरंभी न्या. गवई यांच्या पीठाला सांगावे लागले की, पुनर्विलोकनाचे आदेश कपाटात ठेवण्यासाठी नसतात.

काश्मीर हा अपवाद, तेथे सीमा आहे, दहशतवाद आहे, असे म्हणून समाधान करून घेणाऱ्यांना मणिपूरने उत्तर दिले. ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि लगोलग इंटरनेट बंद झाले. पहिल्या काही दिवसांत या निर्णयावर टीका करणे अवघड होते. डोळ्यांसमोर घरे जळत असताना प्रशासनाने आधी आग विझवायची असते. परंतु दिवसांचे आठवडे आणि आठवड्यांचे महिने झाले. ४ मे रोजी जमावाने महिलांची विवस्त्र धिंड काढल्याची जी घटना घडली, तिची तक्रार १८ मे रोजीच पोलिसांत नोंदवली गेली होती. देशाला ती कळली १९ जुलैला, चित्रफीत बाहेर आली तेव्हा. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले. पंतप्रधानांनी संसदेच्या आवारात या घटनेविषयी प्रथमच जाहीरपणे संताप व्यक्त केला, सभागृहे ठप्प झाली, अविश्वासाचा ठराव आला आणि ८ ते १० ऑगस्ट अशी तीन दिवस त्यावर चर्चा झाली.

या तारखांचा क्रम पाहिला की, इंटरनेटबंदीचा प्रश्न मणिपूरच्या लोकांपुरता उरत नाही. अडीच महिने देशाच्या संसदेला, केंद्रातील विरोधी पक्षांना आणि दिल्लीतील वृत्तपत्रांना जे कळायला हवे होते ते कळले नव्हते. सरकारी यंत्रणेला माहिती होतीच. पोलिस ठाण्यात कागद होता. माहिती नव्हती ती सरकारला जाब विचारणाऱ्यांना. हिंसा पसरू नये म्हणून केलेल्या बंदीने हिंसा थांबली नाही, ती दिसेनाशी मात्र झाली. अनुच्छेद १९ चा संबंध अनुच्छेद ७५ शी, म्हणजे मंत्रिमंडळाच्या लोकसभेप्रती असलेल्या सामुदायिक जबाबदारीशी, कसा येतो, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

असे असले तरी बंदीच्या समर्थकांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत माणसे मारली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तर मोबाइलवरील ‘स्टेटस’वरून दंगल पेटली आणि तेथेही इंटरनेट बंद करावे लागले. रात्री दोन वाजता दंगलग्रस्त शहराची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे, त्या जिल्हाधिकाऱ्याला अनुच्छेद १९ चे निरूपण ऐकवणे सोपे आहे. त्याच्या जागी बसणे सोपे नाही, आणि या पानाच्या वाचकांपैकी काही जण त्या जागी बसून आलेले असतील.

पण याच अनुभवांतून दुसरेही शिकता येते. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील विद्यार्थी आणि कामगार बेंगळुरू आणि पुणे सोडून निघाले तेव्हा केंद्र सरकारने दूरध्वनी बंद केले नाहीत. पंधरा दिवसांसाठी सामूहिक एसएमएसवर बंधन घातले आणि एका वेळी पाचच संदेश पाठवता येतील अशी मर्यादा आणली. राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल, असा बदल केला. नेमक्या दुखण्यावर नेमका उपाय, असे याला म्हणता येईल. सरसकट बंदीत अफवेबरोबर तिचे खंडनही बंद होते. अफवा तोंडी पसरू शकते, शतकानुशतके ती तशीच पसरत आली आहे. पोलिस अधीक्षकांचा खुलासा मात्र आज तोंडी पसरत नाही. आणि जेथे दंगल नाही, अफवा नाही, तेथे काय? राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेसाठी आणि आसामात ऑगस्ट २०२२ मध्ये नोकरभरतीच्या परीक्षेसाठी अनेक जिल्ह्यांतील मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. कॉपी रोखणे हे परीक्षा मंडळाचे काम आहे. त्यासाठी ‘सार्वजनिक आणीबाणी’ पुकारावी लागत असेल, तर आणीबाणी या शब्दाची किंमत फारच उतरली म्हणायची.

हा शब्द येतो १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातून. त्याच्या कलम ५(२) मध्ये सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांवरून संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. अनेक वर्षे राज्ये या कलमाच्याही भानगडीत पडत नसत. जमावबंदीच्या कलम १४४ खाली जिल्हा दंडाधिकारीच इंटरनेट बंद करीत. पाच माणसांना एकत्र येऊ न देणारे कलम पन्नास लाखांच्या जिल्ह्याला मुके करण्यासाठी वापरले जात होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तार अधिनियमाखाली नियम केले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने द्यावा, तातडीच्या प्रसंगी सहसचिव दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने द्यावा, पण २४ तासांत त्यावर गृहसचिवाची संमती घ्यावी आणि पाच कामकाजी दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासावा, अशी रचना झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली. १५ दिवसांनंतर नवा आदेश काढता येतो, ही गोष्ट मणिपूरने दाखवून दिली.

खरी गोम आहे ती पुनर्विलोकन समितीत. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, विधी सचिव आणि गृहखात्याव्यतिरिक्त एक सचिव असे तिचे सदस्य. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. गृहसचिवाने सही केलेला आदेश त्याच इमारतीतील तीन सहकारी तपासणार. सनदी सेवेतील व्यक्तींच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही. पण मुख्यमंत्र्यांच्या संमतीने निघालेला आदेश चुकीचा होता, असे लेखी देण्याची अपेक्षा मुख्य सचिवांकडून करणे हे त्या पदावर अन्याय करणारे आहे. पाच दिवसांत समिती बसेपर्यंत पुष्कळशा बंदी संपूनही गेलेल्या असतात. मग उरते ते मृत्यूनंतरचे औषध.

माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीने हे सारे डिसेंबर २०२१ च्या अहवालात मांडले. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या या समितीत सत्ताधारी पक्षाचे सदस्य बहुसंख्येने होते, हे सांगणे आवश्यक आहे. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद दूरसंचार विभाग आणि गृहमंत्रालय यांपैकी कोणीही ठेवत नाही, हे समितीला आढळले. पोलिस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत, असे त्यावरचे उत्तर होते. दूरसंचार हा विषय केंद्रसूचीत आहे, कायदा केंद्राचा आहे, नियम केंद्राचे आहेत. नोंदवही तेवढी राज्यांची. बंदीमुळे हिंसा खरोखर आटोक्यात येते काय, याचा अभ्यासही सरकारने केलेला नव्हता. समितीने अभ्यास करण्याची, नोंदी ठेवण्याची, ‘सार्वजनिक आणीबाणी’ची व्याख्या करण्याची आणि पुनर्विलोकन समितीत निवृत्त न्यायाधीश, लोकप्रतिनिधी अशा सनदी सेवेबाहेरच्या व्यक्ती घेण्याची शिफारस केली.

या शिफारशी अमलात आणण्याची संधी दोन वर्षांनी आली. तार अधिनियमाची जागा घेणारे दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत मांडले गेले, २० तारखेला तेथे आणि २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले. संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, या मागणीवरून झालेल्या गदारोळात त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. १३८ वर्षांच्या कायद्याची जागा घेणारा कायदा अशा रीतीने रिकाम्या बाकांसमोर संमत झाला. विरोधकांनी सभागृहात फलक आणायला हवे होते काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण स्थायी समितीचा अहवाल हातात घेऊन दुरुस्त्या सुचवायला तेथे फारसे कोणी उरले नव्हते. नव्या कायद्याचे कलम २० सेवा बंद करण्याचा अधिकार आता स्पष्ट शब्दांत देते. ‘सार्वजनिक आणीबाणी’ची व्याख्या त्यात नाही. हे कलम अमलात आले २६ जून २०२४ रोजी. तारीख निवडणाऱ्याच्या ध्यानीमनी काही नसावे.

याच कलमात एक जुने परंतुक पुढे चालवलेले आहे. सरकारची अधिस्वीकृती असलेल्या वार्ताहरांचे भारतात प्रसिद्धीसाठी पाठवलेले संदेश, विशिष्ट मनाई नसेल तर, अडवता येणार नाहीत. तारघरातून बातमी पाठवण्याच्या काळात या तरतुदीला अर्थ होता. एकेक संदेश वेगळा काढून अडवता येत असे. संपूर्ण जिल्ह्याची जोडणीच तुटते तेव्हा अधिस्वीकृतीपत्र खिशात ठेवून वार्ताहराने काय करावे, याचा उल्लेख परंतुकात नाही.

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी नव्या कायद्याखालील नियम अधिसूचित झाले. आदेश सकारण असावा, क्षेत्र नेमके सांगितलेले असावे, तो प्रसिद्ध करावा, हे न्यायालयाने सांगितलेले मुद्दे त्यात आले, ही प्रगतीच आहे. समितीची रचना होती तशीच राहिली.

महाराष्ट्रातील मराठी माणसाला हा विषय काश्मीर-मणिपूरचा वाटत असे. मराठवाड्याने तो घरी आणला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाला बीडमध्ये हिंसक वळण लागले, आमदारांची घरे पेटवली गेली आणि बीड-जालन्यात इंटरनेट बंद झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांवर पुन्हा काही तासांची बंदी आली. दिल्लीत राहणाऱ्या बीडकराला त्या दिवसांत घरच्यांचा आवाज ऐकू येत होता, पैसे मात्र पाठवता येत नव्हते. गल्लीत काय चालले आहे हे तो दूरचित्रवाणीवर पाहत होता आणि दूरचित्रवाणी तेच जळते घर दिवसभर दाखवत होती.

संसदेच्या हाती काही नाही, असे मात्र नाही. या कायद्याखालचे नियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावे लागतात आणि त्यांत दुरुस्ती सुचवण्याचा किंवा ते रद्द करण्याचा प्रस्ताव कोणत्याही सदस्याला आणता येतो. पी. राजीव यांनी २०१२ मध्ये हाच मार्ग चोखाळला होता. त्यांचा प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. परंतु त्यामुळे तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागले आणि सदस्यांच्या हरकती मागवून सर्व संबंधितांशी चर्चा करण्याचे आश्वासन द्यावे लागले. तेव्हाचा प्रश्न मजकुराचा होता, आताचा तारेचा आहे. पुनर्विलोकन समितीत एका निवृत्त न्यायाधीशाला बसवण्यासाठी तर नवा कायदाही लागत नाही. नियमांत दुरुस्ती करणारी एक अधिसूचना पुरते.